अभयमाळ

आमच्या घरात मी गोष्ट सांगायला बसलो की मुलांना एकदम अभ्यास आठवतो. बायकोला गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवतं. मेहुणा मोबाईल कानाला लावून अंगणात जातो, आणि तो मोबाईल वाजलेलाच नसतो. फक्त मालकांचा विषय काढला की सगळे जागच्या जागी थांबतात. कारण ती गोष्ट मी चुकीची सांगतो असं प्रत्येकाचं मत आहे, आणि ती दुरुस्त करायला प्रत्येकाला हजर राहायचं असतं.

मालक म्हणजे आमचे घरमालक. निमगाव केतकीच्या हायस्कुलात लेखनिक म्हणून माझी बदली झाली तेव्हा त्यांच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या. गाव त्यांना तात्या म्हणायचं. आम्ही मालक म्हणायचो. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, त्याही त्यांना मालकच म्हणायच्या. फरक इतकाच, की आमच्या म्हणण्यात भीती होती आणि काकूंच्या म्हणण्यात ती औषधालाही नव्हती.

मालक वनखात्यातून वनपाल म्हणून निवृत्त झालेले, हे आम्हाला आधीच कळलं होतं. त्यामुळं अंगणात आंबा असेल, चिंच असेल, रविवारी सावलीत खाट टाकून पडता येईल, असा माझा हिशेब. बायकोनं तर माहेरचं पेरूचं रोप एसटीत मांडीवर धरून आणलेलं. फाटक उघडलं आणि आम्ही बघत राहिलो. अंगणात झाड नावाची वस्तूच नव्हती. एका कोपऱ्यात गुडघाभर वाळकं गवत उभं होतं आणि त्याला चारी बाजूंनी विटांची कड लावलेली होती, देवघराला लावावी तशी.

मालकांनी बायकोच्या हातातल्या रोपाकडं, स्टँडवर बेवारस पिशवी दिसल्यावर बघतात तसं बघितलं.

"जमिनीत काय लावायचं न्हाय," ते म्हणाले. "कुंडीत लावा. न्हायतर ह्यांच्या डोक्यावर लावा, तितं जागा दिसतीय."

ह्यांच्या म्हणजे माझ्या. हा पहिला धक्का. तसा मला धक्का बसायला फार काही लागत नाही, विजेचं बिल पुरतं. पण मालकांच्या घरात मी जी काही वर्षं काढली, त्यात माझं तोंड मिटलेलं असे ते बहुतेक झोपेत.

दुसरा धक्का त्यांच्या बैठकीत होता. भिंतीवर मोठी तसबीर, पण उलटी लावलेली. म्हणजे पुठ्ठा, खिळे आणि दोरी आपल्याकडं, आणि जे काही असेल ते भिंतीकडं. मी दोनतीन दिवस दम धरला आणि मग काकूंना विचारलं. त्यांनी शांतपणे तसबीर सुलटी केली. मालकांना मिळालेलं वृक्षलागवडीचं बक्षीस होतं ते. शाल, नारळ, काळ्या मिशा, शेजारी कुणी मंत्री. संध्याकाळी मालक बाहेरून आले, पायताण काढलं, तसबीर पुन्हा भिंतीकडं तोंड करून उभी केली आणि चहा मागितला. हे रोजचं होतं. सकाळी काकू सुलटी करत, संध्याकाळी मालक उलटी करत, आणि दोघं त्याबद्दल चकार शब्द काढत नसत.

मालक रोज माळावर जायचे. काठी नाही, छत्री, उन्हाळ्यातही. तोंडात गवताची काडी. घरी यायचे ते पायजम्याला घोट्यापासून गुडघ्यापर्यंत कुसळं टोचून. मग ओट्यावर बसून काकू एकेक कुसळ काढायच्या आणि तेवढा वेळ मालक त्यांना पवन्या कुठं चांगला आलाय आणि मारवेल कुठं मागं हटलाय ते सांगायचे. ही गवतांची नावं आहेत हे मला पुष्कळ उशिरा कळलं. तोवर मी ती भाऊबंद समजत होतो आणि मारवेलबद्दल मला वाईट वाटत असे.

एकदा मेहुणा पुण्याहून सहकुटुंब आला. सुप्याच्या बाजूला चिंकाऱ्यांचं अभयारण्य आहे, ते बघायचं म्हणून दुर्बीण, टोप्या, चिप्सची पाकिटं अशी जय्यत तयारी. मालकांना मी मोठ्या अभिमानानं सोबत घेतलं. घरचाच वनपाल, मग काय. गाडीतून उतरलो. समोर पिवळट गवत, उघडा माळ, मधेच एखादी बाभूळ किंवा बोर, आणि वर आभाळ.

पोरांनी विचारलं, जंगल कुठंय? मेहुण्यानंही तेच विचारलं. आणि मी जरा मोठ्या आवाजात, जाणत्या माणसासारखं विचारलं, "मालक, जंगल अजून पुढं असंल ना?"

मालक थांबले. छत्री मिटली.

"हितनं पुढं तुमी बोलायचं न्हाय," ते मला म्हणाले.

आणि छत्रीचं टोक समोर धरलं. टोकाच्या सरळ रेषेत, आम्ही आल्यापासून आमच्याकडं बघत, तीन चिंकारे उभे होते. गवताच्याच रंगाचे. एकानं शेपटी हलवली म्हणून दिसले. आम्ही तोवर झाडं शोधत होतो. मेहुण्यानं दुर्बीण डोळ्याला लावली ती उलटी.

परत येताना मालक गाडीत बोलले. एरवी गप्प असणारा माणूस, त्या दिवशी बारामती येईपर्यंत थांबला नाही. त्यांचं म्हणणं असं, की सगळा घोळ नावात आहे. ज्या कुणी अभयारण्य हा शब्द काढला त्याच्या डोळ्यापुढं माळ नव्हताच. अरण्य म्हणलं की बघणारा येतो आणि अरण्य मागतो. पाटीवर लिहिलंय, मग दाखवा. "ह्याला अभयमाळ म्हणाय पायजे हुतं," ते म्हणाले. "येका अक्षरानं वाटोळं केलं." एका अक्षरानं नव्हे, हे मी लेखनिक असल्यामुळं माझ्या ध्यानात आलं, पण मला बोलायचं नव्हतं.

मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. नोकरीच्या उमेदीच्या वर्षांत भिगवणच्या रस्त्याला राखीव कुरणाची एक लांब पट्टी त्यांच्याकडं होती. एक बडे पाहुणे गाडीतून उतरले, पाटी वाचली, राखीव वन. म्हणाले, वन कुठंय? मालक तेव्हा तरुण होते. त्यांना भयंकर शरम वाटली. पोरीचं लग्न ठरवायला पाहुणे यावेत आणि घरात पाणी नसावं तशी. आणि मग त्या माणसानं ऊर फुटेस्तोवर झाडं लावली. गिरिपुष्प, सुबाभूळ, जे जगेल ते. जगली. बक्षीस मिळालं. पुढं हळूहळू गवत गेलं, गवताबरोबर चंडोल गेले, खोकडाची बिळं ओस पडली, चिंकारा तर त्या बाजूला फिरकेना. मालक म्हणाले, हे सगळं त्यांना दिसत होतं आणि सत्कार चालूच होते.

मी घरी आल्यावर बायकोला म्हणालो, अगं, हा झाडं लावलेला माणूस झाडांच्या विरुद्ध आहे. ती म्हणाली, "हळू बोला. काकूंची झाडं आहेत ती."

हे मला माहीतच नव्हतं. तेव्हा खात्याची रोपं पुरायची नाहीत, म्हणून काकूंनी घरीच रोपवाटिका काढली होती. गावभरच्या दुधाच्या रिकाम्या पिशव्या गोळा करायच्या, धुवायच्या, माती भरायची, बी टोचायचं. त्यांना मूल नव्हतं. हे त्या कधी बोलल्या नाहीत. मुलाच्या जागी झाड वगैरे बोलणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. पण एकदा आम्ही सगळे एसटीनं भिगवणला निघालो होतो, काकूंच्या बहिणीकडं. ती पट्टी आली आणि काकूंनी खिडकीतून बोट दाखवून माझ्या बायकोला सांगितलं, ती बघ, माझी. हिरवीगार भिंत धावत होती बाहेर. काकू ती संपेपर्यंत मान वळवून बघत राहिल्या. मालक पलीकडच्या खिडकीतून उसाचे ट्रॅक्टर बघत होते.

आता तो प्रसंग.

जवळच्याच एका गावाला मोठं गायरान होतं. उघडा माळ. मालक रोज जायचे तो हाच. आसपास सगळीकडं ऊस झालेला, त्यामुळं ह्या पट्ट्यात गवत म्हणावं असं तेवढंच उरलेलं. पुण्याहून एक संस्था आली, तिनं गावाला हिरवं करून द्यायचं कबूल केलं. सरपंच तरुण, उमदा पोरगा. त्यानं ठराव केला. जेसीबी लागला आणि माळावर खड्डे पडायला लागले.

मालक सरपंचाकडं कितीदा गेले. पोरगा दरवेळी उठून उभा राहायचा, खुर्ची द्यायचा, चहा पाजायचा आणि सगळं ऐकून घेऊन म्हणायचा, "तात्या, झाडाला न्हाय म्हणणारा मानूस मी पैल्यांदाच बघतोय. त्यातनं तुमी." शेवटी त्यानं तोडगा काढला. तो घरी आला आणि पहिलं झाड तात्यांच्या हस्ते लावायचं निमंत्रण देऊन गेला. मालक घरात नव्हते. काकूंनी हो म्हणून टाकलं.

मला वाटलं आता घरात रणकंदन होणार. मालकांनी ऐकलं आणि फक्त म्हणाले, पांढरा सदरा काढून ठेव. काकूंना इतका आनंद झाला की त्यांनी आम्हालाही शिरा दिला. त्या दिवशी संध्याकाळी तसबीर सुलटीच राहिली. मी बायकोला म्हणालो, बघ, वयानं माणूस निवळतो. माणसं ओळखण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

कार्यक्रमाला मांडव, खुर्च्या, स्पीकर. शाळेची पोरं हिरव्या टोप्या घालून. पुण्याचे अध्यक्ष आलेले आणि त्यांच्याबरोबर ड्रोन उडवणारा माणूस. काकू पहिल्या रांगेत, जांभळ्या इरकलीत. सरपंचानं तात्यांविषयी चांगलं बोलून घेतलं आणि त्यांच्या हातात गिरिपुष्पाचं रोप दिलं. मालक खड्ड्यापाशी गेले. रोप नीट न्याहाळलं, ते अध्यक्षांच्या हातात परत दिलं, पायताण काढून बाजूला जोडीनं ठेवलं आणि खड्ड्यात उतरून मांडी घालून बसले.

आधी सगळ्यांना वाटलं, म्हातारा घसरला. मी धावलो. हात दिला आणि कडेची माती सुटून मीच आत जायला लागलो.

"तुमी मागं व्हा," मालक म्हणाले. "तुमचा खड्डा शेजारी हाय."

छातीपर्यंत खड्ड्यात, वर पांढरी टोपी. स्पीकर बंद पडला, की कुणी बंद केला. सरपंच खाली वाकला.

"तात्या, उठा. लोकं बघत्यात."

"बघू द्या. माळ बघाय कुणी आलं न्हाय. मी बसलोय म्हणून तरी मान खाली घालून बघतील." मालकांचा आवाज अजिबात चढला नव्हता. "लावायचंच आसंल तर मला लावा. माती लोटा, पानी घाला, फोटू काढा."

ड्रोनवाल्यानं तेवढं ऐकून ड्रोन वर आणला. त्याच्या वाऱ्यानं माती उडून मालकांच्या टोपीवर बसायला लागली. कुणाला हसावं की काय करावं कळेना. आणि मग मालक बोलले, सरपंचाशीच, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"भिगवणच्या रस्त्याला मी लावली ती झाडं चुकली. जन्मभर चुकीचं लावलं मी. हितं परत नको."

मी काकूंकडं बघितलं आणि मग बघवेना. कुणीतरी भर मांडवात थोबाडीत मारावी तसा त्यांचा चेहरा झाला होता. त्या उठल्या. अध्यक्षांसाठी रिबीन बांधून ठेवलेली झारी होती, ती उचलली आणि खड्ड्यापाशी आल्या.

"चुकली?" त्यांनी विचारलं.

मालकांनी वर बघितलं. त्यांना तेव्हा कळलं असावं. पण शब्द मागं घेणारा माणूस नव्हता तो.

"व्हय," ते म्हणाले.

काकूंनी झारी तिरकी केली. रागानं ओतलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांनी रोपाला घालतात तसं घातलं, आधी कडेकडेनं, मग वरून, हळूहळू, झारी रिकामी होईपर्यंत. मालक हलले नाहीत. मग झारी जागेवर ठेवून काकू रस्त्याकडं चालायला लागल्या. आलेल्या एसटीला हात केला आणि बहिणीकडं निघून गेल्या.

मालक संध्याकाळपर्यंत खड्ड्यात बसले. पाहुणे गेले, मांडव उतरला. दुसऱ्या दिवशी संस्थेच्या मजुरांनी सगळा माळ लावून टाकला. फक्त तो एक खड्डा मोकळा ठेवला, न जाणो म्हातारा परत येऊन बसला तर. म्हणजे माळही गेला आणि काकूही गेल्या.

माझ्या बायकोनं डबा द्यायला सुरुवात केली. मालक ताट घ्यायला आमच्या दाराशी यायचे आणि उंबऱ्याकडं बघत विचारायचे, "सूनबाई, भिगवणला मोबाईलला रेंज आसती का वो?" असते म्हटलं की मान हलवून जायचे. स्वतः फोन करायचे नाहीत. माळावर जाणं बंद झालं. छत्री खुंटीला. पायजम्याला कुसळ नाही, त्यामुळं ओट्यावर बसायचंही कारण उरलं नव्हतं, तरी त्या वेळेला ते तिथं येऊन बसायचे, पाय पुढं करून. मी कधी नव्हे ते गप्प राहिलो. मला काही सुचलं नाही म्हणून, शहाणपणानं नव्हे.

पावसानं गवत चांगलं उठवलं होतं तेव्हा एका दुपारी काकू आल्या. मालक देवळाकडं गेलेले. काकू आपल्या घरात न शिरता आमच्या उंबऱ्यावर बसल्या. पायाला चिखल, पदराला काटे. बायकोनं पाणी दिलं. त्या पीत नव्हत्या, नुसता तांब्या धरून होत्या.

येताना त्यांनी एसटी मध्येच थांबवली होती. त्या पट्टीपाशी. इतक्या वर्षांत ती झाडं त्यांनी रस्त्यावरूनच पाहिली होती. रोपं घरून गाडीत भरून द्यायच्या, लावायला माणसं वेगळी. पुढं येता-जाता खिडकीतून. आत पाऊल टाकलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. माझ्या झाडांना नावं ठेवणारा हा माणूस खोटा पाडायचाच, म्हणून शिरल्या होत्या.

"आत काय बी न्हाय गं," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या. "बाहेरनं हिरवं दिसतंय. आत निसता पाचुळा. ह्या दिसांत, पावसाच्या, गवताची काडी न्हाय. येक पाखरू बोलत न्हाय. मला वाटलं माझ्या कानालाच काय झालं का काय. मी टाळी वाजवून बघितली."

त्यांनी आमच्यासमोर पुन्हा एकदा टाळी वाजवली. मला आजवर जे धक्के बसले त्यात तो आवाज सगळ्यात वाईट.

मालक आल्यावर दोघांत काही बोलणं झालं नाही. काकूंनी भाकरी टाकल्या, मालक जेवले. पण पुढच्या ग्रामसभेला काकू त्या गावात जाऊन उभ्या राहिल्या. त्या गावच्या बायकांच्यात त्यांचा शब्द होता. निम्म्या घरांतली दारची झाडं त्यांनी दिलेल्या रोपांची. त्या म्हणाल्या, झाड वाईट न्हाय, पर ते माळाचं न्हाय. दारात न्या, शाळंत न्या, कालव्याच्या कडंला न्या. ज्यांची मेंढरं होती ते तर आधीपासून चरायचं काय म्हणून कुरकुरतच होते. सरपंच बिचारा उभा राहिला, बसला, परत उभा राहिला. म्हणाला, तात्यांना न्हाय म्हणता आलं, काकींना कसं म्हणू? फोटो काढून संस्था कधीच गेली होती. रोपं उचलायची ठरली.

लावायला मान्यवर आले होते. काढायला बायका आल्या, घमेली आणि पोती घेऊन. आम्हीही गेलो. काकू प्रत्येक रोप मुळाशी गोलाकार माती कापून, गोळ्यासकट उचलत होत्या. मी एक उपटलं ते नुसता शेंडाच हातात आला, तेव्हा मला पोती धरायच्या कामावर बसवलं. मालक मदतीला वाकले तर काकू म्हणाल्या, तुमी हात लावायचा न्हाय. मालक गपचूप गेले आणि आपल्या त्या मोकळ्या खड्ड्याच्या काठावर पाय आत सोडून बसून राहिले.

रोपं निघाली, बायका मागोमाग खड्डे बुजवत आल्या. शेवटी तेवढाच राहिला. काकू मातीची पाटी घेऊन त्याच्यापाशी उभ्या राहिल्या. मी जवळच होतो, पोती मोजत असल्याचं सोंग करत.

"झाडं चुकली म्हणलात," काकू म्हणाल्या. "चारचौघांत."

मालकांनी पाय खड्ड्यातून वर घेतले.

"झाडं माझी हुती. मी वाढवली. त्यांचं काय चुकलं न्हवतं. जशी पायजे तशी जगली ती." त्यांनी पाटी कमरेवर सावरली. "जागा तुमी दावली."

मालकांनी टोपी काढली.

"व्हय," ते म्हणाले. "जागा माझी चुकली."

काकूंनी हात पुढं केला. मालक तो धरून उठले, गुडघे झाडले, आणि हात सोडवून घ्यायच्या आत काकूंनी त्यात पाटी दिली.

"मग बुजवा आता," त्या म्हणाल्या.